आतून लावायची कडी

जुन्या वाड्याचा सगळा बंदोबस्त दर्शनी दरवाज्याला असे. जाड सागवानी फळ्या, त्यांवर लोखंडी खिळे, रात्री घालायचा अडसर आणि उशिरा येणाऱ्याने वाकून आत शिरायची दिंडी. हा दरवाजा ओलांडला की घर पायरीपायरीने आतलं होत जाई. परका माणूस ओसरीवर थांबे, नात्यातला माजघरात येई, स्वयंपाकघरात सोवळ्यातल्यांनाच प्रवेश. एवढी काटेकोर मांडणी, पण तिच्यात कोणा एका माणसाची म्हणावी अशी जागा क्वचितच सापडते. कोठीच्या खोलीला कुलूप असे, देवघराला शुचितेची मर्यादा असे, पण एखाद्या सुनेने दार लावून घटकाभर एकटीने बसावं, अशी सोय घर बांधणाऱ्याच्या डोक्यातही आली नव्हती. खासगीपण होतं ते घराचं. घरातल्या माणसाच्या वाट्याला ते येत नव्हतं.

या खासगीपणाचं दुसरं नाव अब्रू. चार भिंतींच्या आतलं बाहेर जाता कामा नये, हा तिचा पहिला नियम. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणारा माणूस गुन्हेगार ठरे. त्या भांडणात मार कोणी खाल्ला हे विचारायला कोणी थांबत नसे. रमाबाई रानड्यांचं लग्न 1873 साली झालं. त्यांचे पती महादेवराव, पुढचे न्यायमूर्ती रानडे, त्यांना शिकवू लागले, आणि नवऱ्याने बायकोला शिकवणं ही साऱ्या घराची बाब झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यासाठी रमाबाईंना किती टोचून बोलल्या, ते त्यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. न्यायमूर्तींच्या घरातली ही स्थिती. तिथेही नवराबायकोचा अभ्यास त्या दोघांचा नव्हता.

बाईच्या शरीराचं तर काहीच तिच्या एकटीचं नव्हतं. महिन्याचे चार दिवस ती बाहेरची होई. कोपऱ्यात वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या, दुरून वाढलेलं ताट. सासऱ्यापासून धाकट्या दिरापर्यंत आणि मोलकरणीपासून शेजारणीपर्यंत साऱ्यांना ते दिसे. पोरांनी विचारलं तर ‘कावळा शिवला’ म्हणून सांगत. चार दिवस चुकले तर तीही बातमी घरभर होई, कारण तिचे दिवस मोजणाऱ्या बायका घरात होत्या.

पत्राचीही तीच गत. 1879 साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. पाकिटाला अर्धा आणा लागे. आपलं लिहिलेलं कोणी वाचू नये असं वाटणाऱ्याने दुप्पट पैसे मोजायचे, असा तो हिशेब होता. पण सासरी नांदणाऱ्या मुलीला पाकीट परवडूनही उपयोग नव्हता. तिचं पत्र बहुधा दुसराच कोणी लिही, आलेलं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं जाई. त्यामुळे माहेरी पोचायचं ते एकच: आम्ही सर्व सुखरूप आहोत.

माझ्या आजीकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तिची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवलेली, कायम कनवटीला. एवढ्या घरात तिच्या हक्काची जागा ती तेवढीच. ट्रंक उघडताना ती आमच्याकडे पाठ करून बसायची, आणि आम्ही नातवंडं मागून डोकावायला लागलो की झाकण खाली यायचं. ती गेल्यावर घरच्यांनी ट्रंक उघडली. आत एक ठेवणीतलं लुगडं, माहेरची दोन जुनी पत्रं, पुरचुंडीत बांधलेली थोडी नाणी आणि केवड्याचं वाळलेलं पान. कोणाला धक्का बसावा असं काही नव्हतं. ‘ज्याला लपवायचं नाही त्याला खासगीपण कशाला हवं?’ असा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो, तेव्हा मला त्या ट्रंकेचं उत्तर पुरेसं वाटतं. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसालाही कुलूप हवं असतं. आत काय आहे याला फारसं महत्त्व नाही; ते कोणापुढे कधी उघडायचं हे ठरवणारी ती होती.

हे ठरवण्याचा हक्क बाईला आहे का, यावर मुंबईत एक खटला चार वर्षं चालला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या आणि नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. 1884 साली दादाजींनी बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च 1887 मध्ये हुकूम झाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या.

या खटल्याच्या काळात ‘केसरी’ने आणि अनेक सुशिक्षितांनी त्यांना विरोध केला. पुढे संमतीवयाचा कायदा येऊ घातला, तेव्हाही हेच सूर उमटले: परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. 1891 साली तो कायदा झाला आणि संमतीचं वय दहावरून बारा झालं. परक्या सत्तेविषयीचा हा राग मला समजतो. पण त्या रागात ‘घर’ म्हणून जे वाचवलं जात होतं, त्यात दहा वर्षांच्या मुलीचं शरीरही धरलेलं होतं, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. रखमाबाई मात्र त्या घराच्या आतून बोलल्या. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने पत्रं लिहिली. स्वतःचं नाव राखून ठेवून स्वतःची व्यथा जगापुढे मांडायची, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. घराचं खासगीपण आणि माणसाचं खासगीपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधी कधी एकमेकींच्या विरोधातल्या, हे त्यांच्या नकाराने आपल्याकडे पहिल्यांदा इतक्या लख्खपणे दिसलं.

या दोन खासगीपणांची गाठ अजून पुरती सुटलेली नाही. नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची सोय 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही आहे. 1983 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम व्यक्तीच्या खासगीपणाचा भंग करतं म्हणून घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

ज्यांना वाड्याच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांचं खासगीपण आणखी निराळं. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून डॉ. आंबेडकर 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. थोड्याच दिवसांत हे बाहेर फुटलं, आणि हातात काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. स्नेह्यांकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. जात कळू न देणं ही त्या दिवसांत डोक्यावर छप्पर असण्याची अट होती. आजही भाड्याची खोली बघायला गेलेल्या मुलाला आधी आडनाव विचारलं जातं आणि मग खोली ‘कालच गेली’ असं सांगितलं जातं. ज्यांच्याविषयीची माहिती कधी त्यांच्याविरुद्ध वापरली गेली नाही, त्यांना खासगीपण ही श्रीमंतांची चैन वाटणं सोपं आहे.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे दिवसा दार लावण्याची पद्धतच नव्हती. दुपारी दार लोटलेलं दिसलं की शेजारीण हाक मारायची, ‘अगं, बरं नाही का?’ सकाळी टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाशी रांगेत उभं राहायचं, म्हणजे कोणाचं पोट बिघडलंय हे मजल्याला समजे. कोणाकडे पाहुणे, कोणाकडे उसनवारी, कोणाचा नवरा पगाराच्या दिवशी उशिरा येतो, सगळं माहीत. गिरणगावात तर याहून दाटी. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. त्यात एक संसार, कधी दोन, आणि गावाहून गिरणीत आलेले पाहुणे.

पण चाळीत एकांत अजिबात नव्हता असं म्हटलं तर तिथल्या माणसांवर अन्याय होईल. घरात नवं जोडपं आलं की सासूसासरे आणि दीर गॅलरीत किंवा गच्चीवर अंथरूण टाकत. कारण साऱ्या मजल्याला समजे, आणि कोणी त्याविषयी चकार शब्द काढत नसे. मधल्या पातळ फळीपलीकडून रात्री रडण्याचा आवाज आला, तर सकाळी शेजारीण काही विचारायची नाही. वाटीभर आमटी मात्र आणून द्यायची. जागा नव्हती तिथे लोकांनी पाहूनही न पाहिल्यासारखं करण्याची रीत घडवली होती. भिंत बांधायला पैसे लागतात, ही रीत पाळायला समज लागते. खासगीपण दुसऱ्याने आपल्याला द्यावं लागतं, हे मी तिथे शिकले.

ही समज सगळ्यांना सारखी मिळत नव्हती, हेही तितकंच खरं. मुलगी कॉलेजातून किती वाजता आली, बसस्टॉपवर तिच्याशी कोण बोलत होतं, याचा हिशेब गॅलरी ठेवायची आणि आईबापांपर्यंत पोचवायची. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांत पुरुष अधिक का असतात, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. गॅलरीच्या डोळ्यांपासून सुटायला मुलंमुली मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, वांद्र्याच्या खडकांवर जाऊन बसत, समुद्राकडे तोंड करून, जगाकडे पाठ करून. ती गरज अजून संपलेली नाही. ऑगस्ट 2015 मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि बंद खोल्यांतल्या सज्ञान जोडप्यांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याच्या कलमाखाली कारवाई केली. आतून कडी लावलेली खोली तिथे सार्वजनिक जागा ठरली.

शेजाऱ्याच्या नजरेहून सरकारची नजर वेगळी असते. ती वहीत नोंद करते. 1871 साली आलेल्या आणि पुढे वाढवत नेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घातलेली वसाहत होती. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 1952 साली, हा कायदा रद्द झाला.

घटना लिहिताना या नजरेला लगाम घालण्याचा प्रयत्न झाला होता. 1947 मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे डॉ. आंबेडकर आणि क. मा. मुन्शी यांच्या मसुद्यांत घरझडतीपासून आणि पत्रव्यवहाराला संरक्षण देणारी कलमं होती. पोलीस तपासात अडथळा येईल अशा आक्षेपांमुळे ती गळली. त्याची किंमत खडकसिंगाने मोजली. उत्तर प्रदेशातल्या दरोड्याच्या खटल्यातून तो पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलीस मध्यरात्री येऊन त्याचं दार ठोठावत. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या फेऱ्या बंद केल्या, पण त्याच्या घरावरची आणि हालचालींवरची पाळत राहू दिली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असं बहुमताचं म्हणणं पडलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं: पाळतीखाली जगणारा माणूस मोकळा नसतो.

ते वेगळं मत देशाचा कायदा व्हायला 55 वर्षं लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आधारविरुद्ध याचिका केली, आणि त्या निमित्ताने 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावर पुण्याच्या घराण्यातले धनंजय चंद्रचूड होते, नागपूरचे शरद बोबडे होते. आणीबाणीत जगण्याचा हक्कही स्थगित होऊ शकतो असं 1976 साली म्हणणाऱ्या बहुमतात धनंजय चंद्रचूडांचे वडील यशवंतराव होते. मुलाने लिहिलेल्या निकालाने तो निकाल मोडीत काढला. गरिबांना रेशन हवं, खासगीपण नको, अशा अर्थाचा युक्तिवाद सरकारकडून झाला होता. न्यायालयाने तो फेटाळला. मला त्या निकालातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम 377 मधली तरतूद गेली, तीही याच पायावर. घराच्या दरवाज्याला असलेला अडसर अखेर माणसाच्या हातात आला, निदान कागदावर.

आणि नेमक्या याच काळात भिंतींना अर्थ उरला नाही. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. दारं आली, कड्या आल्या, नव्या घरातल्या मुलीला अभ्यासाची खोली मिळाली. पण तिच्या हातातल्या फोनला ती कुठे जाते, काय शोधते, रात्री किती वाजता जागी असते हे माहीत आहे. जे चार दिवस घरभर जाहीर होत, ते आता घरात कोणाला कळत नाहीत. ती तारीख ॲपमध्ये भरते. अशाच ‘फ्लो’ नावाच्या ॲपवर, वचन मोडून बायकांची आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता. 2021 मध्ये त्यात तडजोड झाली. दिवस मोजणारे पुन्हा आले आहेत, आता ते घरातले नाहीत.

चाळीतली शेजारीण माझ्याविषयी जेवढं जाणत होती, तेवढंच मीही तिच्याविषयी जाणत होते. तिने चहाडी केली तर तिच्या घरच्या गोष्टी मलाही ठाऊक होत्या. त्यामुळे जिभेला आवर राहायचा. शिवाय चाळ विसरायची. एखाद्या मुलाने सोळाव्या वर्षी केलेला मूर्खपणा तो पंचविशीत आला की कोणाच्या लक्षात नसे. आज आपल्याला पाहणारा आपल्याला दिसत नाही, त्याच्याविषयी आपल्याला काही माहीत नसतं, आणि तो काही विसरत नाही.

ही नजर सगळ्यांवर सारखी पडत नाही. मोठ्या गृहसंकुलात राहणारा मालक फाटकातून सहज आतबाहेर करतो. त्याच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईची येण्याजाण्याची वेळ फोनवर नोंदली जाते, जाताना तिची पिशवी उघडून पाहतात. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामाच्या वेळेत माणूस कुठे आहे हे कार्यालयात बसून दिसायचं. सेटलमेंटमधली हजेरी आठवल्याशिवाय मला ते घड्याळ पाहता येत नाही. तंत्र नवं आहे, पण कोणावर विश्वास ठेवायचा आणि कोणावर पाळत, याची यादी जुनीच आहे.

2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती हा त्याचा गाभा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत ती संमती आईवडिलांनी द्यायची. मुलांच्या रक्षणासाठी ही तरतूद योग्यच आहे. पण तिने मला एका गोष्टीची जाणीव करून दिली: मुलांचं खासगीपण अजूनही घराच्याच ताब्यात आहे. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या सोनोग्राफीचं चित्र गटागटांत फिरतं, मग न्हाऊमाखू घातलेलं उघडं बाळ, मग परीक्षेचे गुण, मग वयात आल्याचा समारंभ. हे सगळं प्रेमाने होतं. वाड्यातही बरंच काही प्रेमाने होत होतं. दुसऱ्या टोकाला म्हातारी माणसं आहेत. त्यांचे पासवर्ड मुलांकडे, बँकेचे संदेश सुनेच्या फोनवर, आणि डॉक्टर आजाराविषयी बोलतो तो मुलाशी, समोर बसलेल्या आईला वगळून. त्यांच्या कनवटीला आता किल्लीही नाही.

न्यायालयाने दिलेल्या हक्काचा उपयोग न्यायालयात होतो. कंपन्यांना आणि सरकारला जाब विचारायला तो हवाच, आणि त्यासाठी भांडत राहायला हवं. पण आपलं बहुतेक आयुष्य घरात जातं, आणि तिथे हा हक्क एकमेकांना द्यायचा असतो. सहा वर्षांच्या मुलाला विचारता येतं, ‘तुझा हा फोटो मावशीला पाठवू का?’ आईला विचारता येतं, ‘रिपोर्ट मी वाचू की तू आधी वाचतेस?’ मोलकरणीची पिशवी न उघडता तिला ‘येते बाई’ म्हणत जाऊ देता येतं. आणि विचारल्यावर उत्तर ‘नको’ आलं, तर ‘का?’ न विचारता तिथेच थांबता येतं. रखमाबाईंना आपल्या नकाराची कारणं चार वर्षं साऱ्या मुंबईला द्यावी लागली. आपल्या घरातल्या कोणाला ती आपल्यापुढे द्यावी लागू नयेत, एवढं तर कुठल्याही कायद्याची वाट न पाहता आजपासून आपल्याला करता येईल.